दाराचं सोंग

किसुमूच्या त्या कॉलेजात, जेवणघरामागच्या खोलीत
बाकं भिंतीला सारून मधली फरशी मोकळी केली
आणि आपियो मॅडम म्हणाल्या, आज प्रश्नावली नाही.
प्रश्नावलीत सगळे बरे असतात.
इथे कुणी ‘हबारी?’ विचारलं
(आपल्या खबरेचीच ती लांबची बहीण)
की उत्तर ठरलेलं : ‘न्झुरी’. छान.
खबर वाईट असायला त्या देवघेवीत जागाच नाही.

नियम एकच. स्वतःचं सांगायचं नाही.
मित्राचं सांगा, मैत्रिणीचं सांगा, नाव बदलून,
मग उठून करून दाखवा.
बघणाऱ्याला वाटलं, इथे काही वेगळं व्हायला हवं होतं,
तर त्यानं ‘सिमामा’ ओरडायचं, म्हणजे थांबा,
आणि आत शिरून ती जागा घ्यायची.
मी कोपऱ्यात, रेकॉर्डर सांभाळत.

गोष्ट नाफुलानं दिली.
वसतिगृहातली एक मुलगी. तीन आठवडे वर्गात नाही.
खोलीला आतून कडी.
मैत्रिणी दाराशी चपात्या ठेवून जातात,
सकाळपर्यंत मांजर त्या खातं.
मुलगी झाली म्विकाली. मैत्रिणीही लगेच मिळाल्या.
मांजर व्हायला तर तिघं भांडले.
दार व्हायला कुणी नव्हतं.

‘मी होतो,’ ओडेरो म्हणाला.
ओडेरोच म्हणणार.
वीज गेली की अंधारात पहिला आवाज त्याचा,
रजिस्ट्रारच्या खोकल्याची नक्कल करणारा.
हात छातीशी जुळवून तो ताठ उभा राहिला,
बिजागरीसारखा एकदा करकरला.
हशा, सहा सेकंद.

आवुओरनं त्याच्या बरगडीवर टकटक केली.
‘अगं, उघड ना.’
पुन्हा. ‘आम्ही आहोत.’
म्विकाली मागे, गुडघ्यात डोकं, ठरल्याप्रमाणे.
तिसऱ्या थापेला दार बोललं.

दारानं बोलायचं ठरलं नव्हतं.
‘हळू,’ ते म्हणालं. ‘मला कडी नाहीच.
मी नुसता लोटलेला आहे.
तुम्ही ठोठावता, मी काहीतरी गमतीचं वाजतो,
तुम्ही हसत निघून जाता.
जानेवारीपासून.’

कुणी ‘सिमामा’ ओरडलं नाही.
टेपवर एकोणीस सेकंद ट्यूबलाइटवर आपटणारी
तळ्याची चिलटं ऐकू येतात, बाकी काही नाही.
मग मांजर हललं. बाराका नावाचा, सहा फुटी मुलगा,
चार पायांवर रांगत आला
आणि दाराच्या नडगीला डोकं टेकून बसला.
सोंग न सोडता.
आवुओरनं पुन्हा थाप मारली नाही.
तळवा ठेवला फक्त, आणि जरासा भार दिला.

सगळी सोंगं आणता येतात म्हणे, पैशाचं तेवढं नाही.
बरं असल्याचं सोंग तर इतकं वठतं
की घेणाऱ्यालाच ते उतरवायची जागा सापडत नाही.
त्याला ती सापडली, तीही लाकूड होऊन.

समुपदेशकाचा नंबर मॅडमनी फळ्यावर लिहिला नाही.
त्या ओडेरोबरोबर फाटकापर्यंत चालत गेल्या,
मग फाटकाच्याही पुढे.
बाकीच्यांनी बाकं जागेवर लावली. जोरात, उगाच आवाज करत.

रात्री मी ते उतरवायला बसलो.
अहवालाचं इंग्रजीत होऊन गेलं. सहभागी : नऊ.
माझ्या स्वतःच्या वहीत, मराठीत, हात अडला.
तो बोलला त्या स्वाहिलीत
माणसानं म्हटलं काय, दारानं म्हटलं काय,
‘मी’ला लिंग नसतं.
माझ्या भाषेत मात्र ठरवावं लागतं.
वर मी सरळ ‘लोटलेला’ लिहून मोकळा झालोय.
वहीत अजून नाही.
तिथे शेवटचा ल तसाच उघडा आहे,
काना द्यायचा की अनुस्वार,
हे त्याला विचारल्याशिवाय.