एक वीत, चार बोटं

नॅनोसेकंद म्हणजे किती?
एक वीत आणि वर चार बोटं.
तेवढ्या वेळात रेडिओची लाट तेवढंच चालते.
औलूच्या ऑफिसात नव्या मुलांना मी हे हात पसरून दाखवते.
घड्याळ एका मायक्रोसेकंदाने चुकलं
तर माणूस तीनशे मीटर सरकतो,
जागचा न हलता.

जुलैचा शेवटचा आठवडा. पहाटेचे पावणेदोन.
(पहाट म्हणायची एवढंच, उजेड मावळला कधी होता?)
आपत्कालीन केंद्रातून तार्मोचा फोन:
राउनी, इनारीच्या वरच्या अंगाला
दलदलीत एक जण अडकलाय.
थायलंडचा. हिल्ला वेचायला आलेला,
ती केशरी बोरं, किलोवर पैसे मिळतात ती.
त्याला आमची भाषा येत नाही, दुभाषी झोपलीय.
तो एवढंच म्हणतो: पाणी. झाडं. पाणी.

इथे सगळीकडे पाणी आणि झाडंच आहेत.

नाव बुनलर्त. फोन बटणांचा,
उपग्रहाशी ओळख नसलेला.
बॅटरी नऊ टक्के.
म्हणजे आमचे तीन मनोरेच काय ते साक्षीदार.
प्रत्येकाला विचारलं, हाक पोचायला किती वेळ लागला,
आणि वेळेचं अंतर केलं.
तीन वर्तुळं काढली.
एका ठिपक्यात मिळायची सोडून ती
वाटणी झालेल्या भावांसारखी
मध्ये त्रिकोण ठेवून उभी राहिली.

शोधपथक त्रिकोणाच्या मध्यावर गेलं.
तिथे एक रेनडिअर होतं, आणि डास.

मी टेकडीला दोष दिला:
लाट तिच्यावर आपटून, वळसा घालून आली असेल.
मग फोनच्या घड्याळाला.
मग माझ्याच सूत्रातल्या वजनांना.
एकेक वजा करत गेले.
चूक तेवढीच राहिली, दर वेळी
त्याच बाजूला.
वेंधळी चूक कधी इकडे पडते, कधी तिकडे,
शंभर वेळा मोजलं की आपोआप विरते.
ही वेंधळी नव्हती.
हिला काहीतरी माहीत होतं.

सहा टक्के.

आणि कशावरून कोण जाणे, मला एन्सिओ आठवला,
मनोऱ्यावर चढणारा,
तीन वर्षांपूर्वी दुसऱ्या मनोऱ्याखाली
थर्मासमधून मला कॉफी ओतून देताना.
आम्ही ओंडक्यावर बसलो होतो.
रस्ता माझ्या डाव्या हाताला होता.

नकाशात तो उजव्या हाताला आहे.

वादळात जुना मनोरा पडला होता,
नवा रस्त्यापलीकडे उभा केला, तीनशे चाळीस मीटरवर.
अँटेना बदलली, तारा बदलल्या, कुंपणाचं कुलूपसुद्धा.
आकडे बदलायचे राहिले.
तीन वर्षं तो बिचारा खरं अंतर सांगत होता
आणि आम्ही ते
तो नसलेल्या जागेवरून मोजत होतो.

फॉर्मवर सही माझी.

आकडे बदलले. त्रिकोण मिटला.
तार्मोला नवी जागा वाचून दाखवली, दोनदा,
आवाज कापत होता म्हणून तिसऱ्यांदा.
चार वाजून दहा मिनिटांनी बुनलर्त सापडला,
ठिपक्यापासून एकतीस मीटरवर,
कमरेपर्यंत भिजलेला.
हात धरून बाहेर काढताना
दुसऱ्या हातातली बादली सोडायला तयार नव्हता.
सांडली नव्हती.

अहवालात 'कारण' असा एक रकाना असतो.
तिथे मी 'मानवी चूक' लिहिलं,
खोडलं,
आणि माझं नाव लिहिलं.

आता सुट्टीच्या दिवशी गाडी काढते.
एकेका मनोऱ्याच्या पायाशी जाते, यंत्र टेकवते,
वीस मिनिटं थांबते, आकडे लिहून घेते.
दोनशे अकरांपैकी सदतीस झाले.
एक नव्वद मीटर चुकलेला निघाला, एक दोन,
बाकीचे सांगितल्या जागी.
एन्सिओ हसतो: मनोरे काय पळून जातात?

मी हात पसरते,
अंगठा ते करंगळी,
आणि पुढे दुसऱ्या हाताची चार बोटं लावते.