तळव्याचा लाल

शालिमारला, जिन्याखाली, माझं दुकान.
दुकान म्हणजे रापी, आरी, एक लोखंडी पाय,
आणि पाटीवर वडिलांचं नाव,
ज्यातला एक काना मागेच उडाला.

मंगळवारी दुपारी ती आली.
पिशवीत जोडा, जोड्यावर फडकं,
फडक्यावर हात.
म्हणाली, काका, जरा जपून.
मी म्हणालो, आजारी कोण आहे?

टाच मोडली होती. उजवी.
गोदाघाटावर, भावाच्या लग्नाआधीचे फोटो काढताना
दोन दगडांच्या फटीत अडकली,
ती पुढे गेली, टाच मागे राहिली.
फोटोवाला म्हणे, असंच थांबा, छान आलंय.

केवढ्याचा, हे विचारायची माझी रीत नाही.
चहावाल्या जगननं विचारलं.
बासष्ट हजार.
जगनची गाळणी हवेतच राहिली.
"दोन्ही मिळून ना?"

आता माझं मत विचाराल तर सांगतो.
लोक जोडा वरून बघतात, मी आतून.
कातडं चांगलं, खोटं बोलणार नाही.
कोकराचं. अंगठा टेकवला
तर लाजल्यासारखं दबतं आणि परत येतं.
इंचाला बारा टाके, एकही वाकडा नाही.
ज्यानं घातले त्याच्या हाताला माझा नमस्कार;
बासष्टातले त्याला किती मिळाले
तेवढं कुणी सांगेल का.
बाकी आत पोलादाची एक पट्टी,
मग पुठ्ठा. पुठ्ठाच.
आणि तेच पिवळं सोल्युशन,
जे माझ्याकडेही आहे, फक्त माझा डबा चेपलेला.

आणि बेतणी चुकलीय.
पुढचं टोक ज्या पायासाठी कापलंय
त्या पायाला बोटं तीनच असावीत.

माझा भाचा गोरख भद्रकालीतून
साडेआठशेचा तसाच जोडा उचलून घेऊन आला.
मामा, फरक दाखव.
मी डोळे मिटून नाकाशी धरले.
एकाला जनावराचा वास,
एकाला नव्या रिक्षाच्या सीटचा.
फरक आहे.
बासष्ट हजारांचा आहे का,
ते नाक सांगत नाही.

टाच बसली. म्हणालो, तळाला रबर लावतो,
आणखी चार वर्षं जाईल.
ती एकदम, नको नको, लाल दिसला पाहिजे.

तळ लाल होता,
शेंदूर आणि रक्त यांच्या मधला कुठला तरी.
दिसणार कधी? पाय उचलला की.
दिसणार कुणाला? मागून जिना चढणाऱ्याला.
आणि पाय टेकला की घासणार.
अर्धा तर घाटानंच खाल्ला होता.

मग तीच बोलायला लागली.
सातपूरला एका कंपनीत हिशेब लिहिते.
बारा हप्ते. तीन भरले.
"घरी आठ हजार सांगितलेत," म्हणाली,
"तरी आई दोन दिवस बोलली नाही."

मी काय बोलणार.
द्वारकेवरून आणलेला ट्रॅक्टरच्या लाल रंगाचा डबा होता.
त्यात पॉलिशातला मरून, नखभर काळा,
काडीनं ढवळला, बोटानं लावला, फुंकर घातली.
उन्हात धरला, तेव्हा
परदेशचा लाल कुठे संपतो
आणि द्वारकेचा कुठे सुरू होतो
तिलाही कळेना.

एकशे चाळीस झाले. तिनं दोनशे दिले,
म्हणाली, वरचे राहू द्या.
मी साठ मोजून परत केले.
साठ रुपयेसुद्धा कुठल्यातरी हप्त्यातलेच असतात.

ती गेली, सपाट चपलेत,
जोडा पुन्हा फडक्यात.
चालताना हात मोकळा हलत होता.
सवयीनं नजर खाली गेली:
डाव्या चपलेचा अंगठा सुटत आलेला,
चार टाक्यांचं काम.
हाक मारणार होतो, ताई, खरं काम तिथं आहे.
तेवढ्यात जगन म्हणाला, चहा गार होतोय,
आणि माझ्या बोटाचा लाल
कपाला लागला.