दोन विटा जास्त

गिट्टीखदानच्या मागे कोळशाच्या डेपोची भिंत आहे,
प्लास्टर न केलेली.
मे महिन्यातल्या दुपारी भिंतीचे फोटो कोणी काढत नाही.
मी काढले. चौऱ्याऐंशी.
अर्धे कंपनीच्या लेन्सनं, अर्धे माझ्या.

कंपनीची, सीताबर्डीच्या नंदनवारकडून एका दिवसापुरती आणलेली,
आधार कार्ड ठेवून
आणि "हे पडली तं तू बी पडला" एवढं ऐकून.
माझी दुसऱ्याच कंपनीची. तिला तो अजून "लोकल" म्हणतो,
जशी काही इतवारीच्या गल्लीत
कोणी राखेनं घासून बनवली.

ट्रायपॉड. दोन सेकंदांचा टायमर.
अपर्चर पूर्ण उघडं, मग एकेक घर बंद करत.
भिंतीवरच्या पत्र्याच्या कडेला
माझ्या लेन्समध्ये जांभळं उतरलं,
पेन गळून खिसा भिजतो तसं.

रात्री कूलरसमोर बसून स्क्रीन मोठी करत गेलो.
मधोमध दोघी सारख्याच, खोटं कशाला बोलू:
वीट, विटेवरचा ठसा, ठशात बसलेली माशी.
कोपऱ्यात मात्र कंपनीच्या काचेनं
विटेची कड ब्लेडनं कापून ठेवली होती,
माझ्या काचेनं चहात बुडवलेल्या टोस्टसारखी.
बत्तीस हजारांचा फरक, आणि तो खरा आहे.
लोक म्हणतात, नावाचे पैसे घेतात. घेतात.
कोपऱ्यांचेही घेतात.

मग उगाच विटा मोजल्या.
कंपनीची: एका रांगेत एकेचाळीस.
माझी: त्रेचाळीस.
पुन्हा मोजल्या, बोट ठेवून.
आकडा दोघींच्या अंगावर चोवीसचाच.

नंदनवारला फोन लावला, साडेअकराला.
"हाव ना, लोकलचं असंच राहते.
नेम नाही राहत तिचा. झोप आता."

नेम नाही.

उठलो, जुनी हार्ड डिस्क लावली.
पाचपावलीचा हॉल, बोकडे परिवार,
तीन ओळींत एकसष्ट माणसं, मधे नवरदेव, घामेजलेला.
आणि एकदम डाव्या टोकाला, ओळीच्या बाहेर,
दोन्ही हात वर करून लाइटची छत्री धरलेले बाबा.

त्यांना फोटोत यायचं नसायचं.
"मी दिसून नाही ना राहिलो बे?" दर वेळी विचारायचे.
मी दर वेळी, न बघता, नाही म्हणायचो.

तोंड पसरलेलं. कानाला जांभळी किनार.
हसत होते की डोळ्यांवर उजेड येत होता,
या काचेला सांगता येत नाही.
घरी त्यांचे फोटो तीन.
तिन्ही कागदपत्रांसाठी काढलेले.

मनातल्या मनात कंपनीची लेन्स लावून पाहिली.
एकेचाळीस विटा. कडक कोपरे.
डाव्या टोकाला कोणत्यातरी मावशीच्या पदराची जर,
तार न् तार मोजता येईल अशी,
आणि तिथंच फ्रेम संपते.

सकाळी लेन्स परत केली.
नंदनवारनं काच उजेडात तिरपी धरून ओरखडा शोधला,
सापडला नाही, थोडा नाराज झाला.
"मंग? घेतो का?"
घेतो म्हटलं, दिवाळीनंतर.
गिऱ्हाइकांना कोपरे लागतात आजकाल.
"अन् थे जुनी देऊन टाक. आठ हजार पकड."

मी माझ्या लेन्सला झाकण लावत होतो.
ते पहिल्या दिवसापासून नीट बसत नाही.
दोनदा दाबलं.