कोरडाच होता कचरा

शनिवारी दुपारी, गेन्टच्या वाचनालयाच्या तळघरात
रेमी फेरहुल्स्त आपला बिनतारी व्हॅक्यूम क्लीनर
दोन्ही हातांनी, माझी नजर चुकवत, टेबलावर ठेवतो.
"दोन सेकंद चालतो, मग थांबतो.
आणि हा लाल दिवा."

मी बटण दाबते.
घुर्र. थांब. घुर्र. थांब.
दिवा तीनदा लुकलुकतो, दम घेतो, पुन्हा तीनदा.
चाळीस वर्षं ट्रामच्या डेपोत मोटारी ऐकल्यात मी,
त्या निदान धडपणे कण्हायच्या.
या नव्या, दुखलं की दिवा लावतात.

"काय काय ओढलं याने?"
"नेहमीचंच. धूळ. पावाचा चुरा."
"ओलं काही?"
"छे. कोरडाच होता कचरा."

सगळे असंच सांगतात.
विचारायचं ते रिवाज म्हणून,
डॉक्टर सिगारेटचं विचारतात तसं.

फिल्टर धुतलेला, सुकलेला, निर्दोष.
नळीतून आरपार उजेड.
माझ्याकडची बॅटरी लावली, तरी तेच घुर्र, तेच थांब.
मग स्क्रू. अकरा निघाले,
बारावा लेबलाखाली लपलेला, नखाने चाचपून सापडला.
कंपनीलाही वाटतच असणार, कोणी आत बघू नये.

मोटारीच्या तीन तारा.
पहिली-दुसरी, दुसरी-तिसरी, तिसरी-पहिली,
मीटरवर तिन्ही वेळा तोच आकडा.
म्हणजे मोटार बिचारी धडधाकट,
तिला हुकूम सोडणाऱ्या सर्किटचंच काही बिनसलंय.
भिंगाखाली धरलं.
सहा ट्रान्झिस्टर ओळीने, पाचव्याच्या पायाशी
हिरवं, कळकलेलं तांबं.
कुठेतरी पाणी मुरत होतं, ते इथे.

मी बोलले नाही. भिंग त्याच्याकडे सरकवलं.
तेवढ्यात धुळीच्या डब्यातून
टिचकन पडला एक खडा,
वाटाण्याएवढा, निळा,
कुठल्याच रस्त्यावर नसतो असला निळा.

वरून ट्राम गेली. कपातली कॉफी थरथरली.

"यूनाची माशांची टाकी," रेमी म्हणाला.
"माझं कोपर लागलं. नात साडेतीनला शाळेतून येते.
पावणेतीन झाले होते."
"आणि मासे?"
"सहा होते. चार वाचले, सूपच्या पातेल्यात.
दोन नवे आणले. तिने मोजले, सहा भरले."
थोडा थांबला, आपल्या यंत्रासारखा.
"मोजताना दोनदा माझ्याकडे पाहिलं."

ट्रान्झिस्टर मिळेल कुठेतरी, डाख देऊन बसवीनही,
पण शेजारची चिप जळाली असेल तर सगळं फुकट,
आणि सर्किट सुटं विकत नाहीत,
अख्खं धड घ्या म्हणतात.
हे सांगितलं. त्याने मान हलवली.

वहीत रकाने भरावे लागतात. वस्तू. बिघाड. कारण.
"कारण म्हातारपण लिहाल का?
पुढच्या शनिवारी तीही येणारेय, सायकलची घंटा घेऊन.
वाचता येतं तिला."

मी लिहिलं, तपास चालू.

निळा खडा मात्र त्याच्या तळहातावर ठेवला.
टाकीत टाका परत, म्हटलं.
खडेही मोजले असतील तिने.