रविवारचं खाणं

मी शास्त्रज्ञ नाही. शोधनिबंधात माझं नाव
अगदी शेवटी, आभारांत येतं,
कधी तेही चुकलेलं.
मी पेशींना जेवू घालते.
एक दिवसाआड. सुट्टी असो, संप असो,
की जुलैचा वारा नदीवरून येऊन
अख्ख्या मोंतेविदेओच्या छत्र्या उलट्या करत असो.

त्यांचं पाणी गुलाबी असतं.
उपाशी राहिल्या की पिवळं पडतं.
एवढीच त्यांची भाषा, आणि ती मला येते.

दीड वर्षापूर्वी एलेउतेरिओ आला,
बंदरात बोटी रंगवणारा.
दंडावरून मसुराएवढी कातडी काढू दिली त्यानं.
"एवढीच?" म्हणाला, "घ्या की अजून,
तसाही तिच्यावर रंगच सांडतो."

मग आम्ही त्या कातडीला विसरायला लावलं.
चार जनुकं आत सोडली आणि वाट पाहिली,
तीन आठवडे.
हजारात एखादीच पेशी विसरते
की आपण दंडावर होतो, उन्हात रापलो,
टर्पेंटाइननं चुरचुरलो.
कोरी होते. अजून कुणीच न झालेली.
मला तिचा हेवा वाटतो, खरं सांगते.
मग तिला पहिल्यापासून शिकवायचं:
आता हृदय हो.

अकराव्या दिवशी सकाळी
बशीच्या कडेला काहीतरी हललं.
वाटलं, टेबलाला माझाच धक्का लागला.
हात उचलले. पाय मागे घेतले.
श्वाससुद्धा धरून पाहिला.
तरी हलत होतं.

बघायला आला तो. काखेत गरम पाण्याचा थर्मास,
तो इथं प्रत्येकाच्याच काखेत असतो.
एका डोळ्यावर पंजा ठेवून वाकला.
"दोन ठोके. मग थांबतंय.
मग घाईघाईनं तीन."
"तुमचंही तसंच चालतं," मी म्हटलं.
हसला. "म्हणजे माझ्या वागण्याचा दोष नव्हे!
बायकोला हे लेखी द्याल का, ग्रिसेल्दा?"

सप्टेंबरात गेला.
बोटीच्या बुडाला लाल हात देत होता,
दुसरा हात अर्धाच झाला म्हणतात.
सोमवारी कळलं.
सोमवारी पाणी पिवळं पडलं होतं.
मी बदललं.
दोन ठोके, थांबा, तीन.

फेब्रुवारीत एकोणीस नंबरचं औषध टाकलं
आणि ठोके सरळ झाले.
सरळ, एकापुढे एक, शाळकरी पोरांसारखे.
टाळ्या झाल्या. कुणी गोड पाव आणले.
मी दोन खाल्ले.
तिसरा हातात धरून बराच वेळ
सिंकपाशी उभी राहिले.

मुलगी आली त्याची, अम्पारो.
तिच्या रक्तातही तेच एक अक्षर चुकलेलं.
औषध कधी मिळेल, तिनं विचारलं नाही,
डॉक्टरांनी आधीच सांगितलं असावं:
अजून उंदीर आहेत, मग डुकरं, मग वर्षं,
मग कदाचित काहीच नाही.
"मला दाखवाल?" एवढंच म्हणाली.

नियमात हे बसतं की नाही, मी पाहिलं नाही.
औषध न घातलेली बशी काढली.
"पाचच मिनिटं. गारठल्या की मंदावतात."

ती वाकली. बाप वाकला होता तशी,
एक डोळा पंज्याखाली.
बोट टेबलावर आपोआप वाजायला लागलं तिचं:
दोन. थांबा. तीन.
"जिना असेच चढायचे बाबा," ती म्हणाली,
"आम्हाला वाटायचं, मुद्दाम करतात."

मी काही बोलले नाही. काय बोलणार,
मला फक्त गुलाबी आणि पिवळं कळतं.

दोन मिनिटंच झाली असतील.
तिनं डोळा काढला, बाहीनं पुसला,
आणि शेजारणीचं बाळ परत द्यावं
तशी बशीकडे बोट करत म्हणाली,
"ठेवा आत. गार पडेल."