परतीची पेटी

मुसफ्फाच्या शेडमध्ये मी पेट्या करतो:
झुंबरांच्या, घड्याळांच्या,
एकदा एका आजारी ससाण्याची,
आत गालिचा लावून.

ऑगस्टात संग्रहालयाचा फोन आला.
फोर्कलिफ्टने जुनी पेटी फोडली होती,
आतला दगडी माणूस वाचला होता.
गुरुवारपर्यंत नवी हवी.

माणूस म्हणजे एक पाय.
मांडीतून मोडलेला, गुडघा, पोटरी,
अंगठा नसलेलं पाऊल.
सहा महिन्यांसाठी उसना आणलेला
एका पावसाळी शहरातून.
बाकीचा माणूस ग्रीसमध्ये आहे म्हणे,
सळईवर उभा.

माप घ्यायला गेलो तर शेजारच्या हॉलमध्ये
त्याच पायावरून वाद चालला होता.
टेप गळ्यात घालून मागे बसलो.
साहेब म्हणाले, आम्ही तो कोरडा ठेवला,
पुसला, जगाला दाखवला,
तिथं राहिला असता तर चुना झाला असता.
कागद आहे, कागदावर कुठल्याशा सुलतानाचा शिक्का आहे.

देवरुखला सोहनींनी मुंजीला नेलेला आमचा हंडा
अकरा वर्षं दिला नाही.
मागायला गेलो तर म्हणाले,
इतकी वर्षं कल्हई कोणी केली?

मी हसलो. जरा मोठ्यानंच.
दुभाष्या वळून बघायला लागला.

बाहेर मत्तर बिन खल्फान,
दारावरचा म्हातारा, खजूर चघळत म्हणाला,
माझा आजा नाकाला चिमटा लावून तळाशी जायचा.
त्यानं काढलेले मोती
कुणाच्या गळ्यात आहेत, कुणाला विचारू?
यांच्या दगडाचा निदान पत्ता तरी ठाऊक आहे.
मग बी थुंकून म्हणाला, भांडू देत.

ग्रीसहून आलेली बाई हॉलमध्ये काहीच बोलली नव्हती.
स्तामातिया. दगड सांधणारी.
दुसऱ्या दिवशी शेडमध्ये आली,
भुशातच बसली, पंख्यासमोर.
मी तापल्या तारेनं फोम कापत होतो.
मोडीची कड न् कड गिरवावी लागते,
नाहीतर वाटेत टवका उडतो.
मोड कशी असते, तिनं बोटानं हवेत काढून दाखवली:
इथं खोल, इथं दातरी.
माझ्या मापाशी जुळली.
तिनं हा पाय कधी हातात घेतलेला नव्हता.
तिला फक्त वरची मांडी पाठ होती.

कुसू बघितलं की सुताराला खोबण कळते,
त्यात नवल नाही.
पण मी तार बंद केली थोडा वेळ.

पायाची जागा कापली की
पायाएवढा फोम बाहेर पडतो.
तो कोपऱ्यात पडला होता, करडा, हलका.
हा कचरा? तिनं विचारलं.
कचराच.
मी नेऊ?

लुलूच्या पिशवीत घालून घेऊन गेली.
विमानतळावर कुणी अडवलं नाही.

पेटीवर परतीचा पत्ता छापायचा असतो.
फॉर्मवर पावसाळी शहराचा होता,
स्टेन्सिलनं तोच मारला.
पोटासाठी माणूस काय काय लिहितो.
पण झाकणाला खिळे नाही मारले.
जी पेटी उघडायची तिला खिळा नको,
हे बाबांचं.
सोळा स्क्रू. हातानं आवळलेले.

नोव्हेंबरात फोटो आला.
संगमरवरी मांडी, तिच्याखाली आमचा फोम,
दोन्ही हातांनी वर दाबून धरलेला,
मागे शाळेची पोरं, एकजण जीभ काढून.
बसला नव्हता पुरता.
डाव्या अंगाला बोटभर फट.
खाली तिनं काही लिहिलं नव्हतं.

रात्री खोलीवर आल्यावर मी उत्तर टाकलं:
दगड घासू नये म्हणून
आम्ही चारी बाजूंनी थोडं जास्तीचं कापतो.
ती फट माझी आहे, बाई.
त्याची नाही.
दगड आणून बघा.