अर्धा बिघा दादर

बापाने लावलेल्या सागांवर खुणा मारायला
बापच बरोबर आला होता.
कंपार्टमेंट एकशे बारा, अनेरच्या अलीकडचा उतार.
चौऱ्याऐंशी साली त्याने इथे रोजंदारीवर खड्डे खणले,
नाल्यातून मडक्याने पाणी वाहिलं,
रोपं ओळीत उभी केली सरकारी मापाने.
आता सागाखाली भर दुपारी संध्याकाळ असते.
पानं पापडासारखी मोडतात पायाखाली,
पानांखाली माती, मातीवर काही नाही.
गवताचं पातं नसेल तिथे
भेकर कशाला थांबेल?

मी बुंध्यावर चुन्याचा पट्टा ओढायचो.
तो म्हणायचा, "हा नको,
ह्याला वाळवी लागलेली, राख टाकून जगवलाय."
मी पुढच्याला ओढायचो.
असे एकेचाळीस.
बेचाळिसाव्यापाशी तो धरणाकडे तोंड करून बसला,
विडी हातात, न पेटवलेली.
मग मीही डबा बंद केला.

उजेड पडला.
पहिल्या साली नुसती घाणेरी आली, माणसाएवढी.
आम्ही ती मुळासकट उपटली, सगळी, अभिमानाने,
आणि त्या हिवाळ्यात एकही ससा दिसला नाही.
सायाळ रस्त्याच्या मोरीत राहायला गेली.
लपायला जागा नाही तर जेवायला कोण येणार,
हे कळायला एक साल गेलं.
दुसऱ्या साली तोडलेल्या फांद्यांचे ढीग
बैलगाडीएवढे, जागोजाग, तसेच राहू दिले.
साहेब म्हणाले, साफसफाई नीट झालेली नाही.

मग नाल्याच्या गाळावर अर्धा बिघा दादर.
मुंबईचं नव्हे. आमच्याकडे दादर म्हणजे ज्वारी,
हस्त सरल्यावर पेरायची, ओलीवर पिकणारी.
कडेला कुळीथ, चार ओळी तूर.
कुंपण नाही, फवारणी नाही.
अडावदचे प्रल्हादआप्पा मोटारसायकल थांबवून बघत राहिले.
"आमनी केळी खातस,
नि आते तू त्यासले दादर बी पेरस का रे भो?"
काय सांगणार. म्हटलं, इथे पोट भरलं
तर तुमच्याकडे कमी येतील, आप्पा.
खरं होतं की नाही, मलाही ठाऊक नव्हतं.

लहानपणी मी माचाणावर बसून
ह्याच हातांनी गोफण फिरवली, पोपट उठवले,
रात्रभर डबे बडवले.
आता पगार मिळतो तो न हाकलण्याचा.
पहिले पंधरा दिवस
कणसावर पाखरू बसलं की हात आपोआप उठायचा.

माघात कॅमेरा बांधला अंजनाच्या खोडाला.
पहिल्या रात्री सायाळ.
तिसऱ्या रात्री डुकरं, नऊ, पाऊण तास, चार ओळी आडव्या.
मग तितर, मग तरस, नुसतं हुंगून गेलेलं.
चौशिंग्याची वाट बघतोय अजून.
अकराव्या रात्री, तीन वाजून चाळीस मिनिटं,
नानसीबाई.
डोक्याला फडकं, कंबरेला ओटी,
कणसं मोडते आहे, एका ताटावरचं एक घेते,
दुसऱ्यावरचं सोडते.
तिच्यामागे, ढिगाच्या कडेला,
कमरेखालच्या उंचीवर
दोन पांढरे डोळे.
ती जायची वाट बघणारे.
पुढच्या चित्रात ती नाही. भेकर आहे,
मान खाली, तिने सोडलेल्या ताटाशी.

रजिस्टरात रकाने असतात:
प्रजाती, संख्या, नर की मादी, काय खाल्लं.
मी लिहिलं: भेकर, एक, मादी, ज्वारी.
वरचं चित्र काढून टाकलं नाही,
पाठवलंही नाही.
पुढच्या साली पाऊण बिघा पेरू, साहेबांना म्हणालो.
कशाला?
खाणारे वाढलेत.

तोडलेल्या सागांना फुटवे आलेत, हातभर, तांबूस पानांचे.
छाटले नाहीत तर पाच सालात
पुन्हा संध्याकाळ.
एकेचाळिसांपैकी सव्वीस छाटले.
उरलेल्यांपाशी बाप जाऊन बसतो सकाळचा,
मी दिसलो की विचारतो,
कोयता कुठे ठेवलास?
मी म्हणतो, घरी.
कोयता पाठीमागे असतो, त्याला दिसतो.
तो सरकत नाही.